इस्त्रीच्या बोर्डावरची पेटी

मंगळवार, २ सप्टेंबर २०२५, मुलिंगार, आयर्लंड

संध्याकाळी शेजारची मेव्ह दारात उभी. मला वाटलं, आली शेवटी तक्रार. आत हरीशचा रियाज चालू होता, पेटीवर मी. आमच्या दोन घरांमधली भिंत बिल्डरने नुसती नावाला घातली आहे. तिच्याकडे किटली उकळली की आमच्याकडे कळतं. अशा भिंतीपलीकडे ही निवृत्त संगीतशिक्षिका सहा वर्षं हरीशचं नाट्यसंगीत निमूट ऐकते आहे. माफीची दोन वाक्यं मी मनात जुळवलीसुद्धा.

ती म्हणाली, "ते वाजवतं कोण?"

हरीश लगेच शाल सावरत पुढे आला. (रियाजाला तो शाल घेतो. हीटिंग चालू असतानाही घेतो. ती थंडीसाठी नसते.) दिवसभर हॉस्पिटलमध्ये लोकांना भूल द्यायची आणि संध्याकाळी उठवायला निघायचं, असा त्याचा दिनक्रम. मीच तो, म्हणाला.

"तुम्ही नाही," मेव्ह म्हणाली. "तुमच्या खालून जे वाजतं ते."

पंचवीस वर्षांत हरीशच्या गाण्याखालून काहीतरी वाजतं, याची दखल घेणारी ही पहिलीच व्यक्ती. मला धरून.

मेव्हचा एक बँड आहे. क्लेझ्मर वाजवतात. पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांचं लग्नातलं संगीत, असं तिने सांगितलं. ते मुलिंगारमध्ये कोण कशाला वाजवतं, हे नाही सांगितलं. त्यातली अ‍ॅकॉर्डियनवाली ब्रीड लेकीच्या बाळंतपणाला पर्थला गेली आणि आता तिथलं ऊन सोडून यायला तयार नाही. पेटी म्हणजे पाठीवर निजलेला अ‍ॅकॉर्डियनच, असं मेव्हचं मत. गुरुवारी येशील का?

मी म्हटलं, मी फक्त साथ करते.

"ग्रँड," ती म्हणाली. इथे हा शब्द कशालाही चालतो. बायोप्सीच्या रिपोर्टलाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

मेव्हच्या किचनमध्ये तालीम. मेव्ह फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवते. क्लॅरिनेटवर सॉल, वय अठ्ठ्याहत्तर, डब्लिनचा निवृत्त डेंटिस्ट आणि बँडमधला एकमेव ज्यू. ट्यूबावर, म्हणजे त्या भल्यामोठ्या पितळी भोंग्यावर, डेक्लन, ज्याचा अंत्यविधींचा व्यवसाय आहे. हे ऐकून मी दचकले, पण वाजवताना पाहिलं तर पटलं. दोन्हीकडे तोच संथ, खालच्या आवाजातला धीर लागतो.

पहिली अडचण बसण्याची. ही मंडळी उभ्याने वाजवतात. मी सवयीप्रमाणे जमिनीवर मांडी घातली, तर सॉलला माझा फक्त भांग दिसू लागला. खुर्ची-टेबल करून पाहिलं, टेबल उंच. शेवटी मेव्हने जिन्याखालच्या प्रेसमधून (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) इस्त्रीचा बोर्ड काढला. त्याची उंची हवी तेवढी करता येते. पेटीला इतका सोयीचा स्टँड पुण्यात कुणाला सुचला नाही, याचं आश्चर्य वाटलं. मग भाता ओढल्याबरोबर पेटी बोर्डाच्या टोकदार बाजूला सरकत गेली आणि आश्चर्य ओसरलं.

आधी 'दोइना'. म्हणजे क्लॅरिनेट एकटी, ताल नाही, आलापासारखं. खाली कुणीतरी सूर धरून बसायचं आणि ती जाईल तिकडे मागोमाग जायचं. हे मला झोपेत जमतं. सॉलने पहिलीच ओळ घेतली आणि माझ्या अंगावर काटा आला. कोमल रिषभ, कोमल धैवत, कोमल निषाद, गंधार मात्र शुद्ध. म्हणजे बसंतमुखारी. पण उतरताना हा माणूस मधेच असा हुंदका काढतो (हुंदक्याला त्यांच्यात वेगळं नाव आहे, म्हणजे तो मुद्दाम काढतात) की गंधार कोमल होतो आणि सरळ भैरवी उभी राहते. कुठल्याही मराठी माणसाने डोळे मिटून सांगावं, भैरवी.

संपल्यावर सॉलने क्लॅरिनेट खाली ठेवली. म्हणाला, "ही बाई मी श्वास घ्यायच्या आत मला ऐकते."

मग 'फ्रायलेख'. हा लग्नातला गोल फेर धरून करायचा नाच. तिथे माझी पार वाट लागली. सगळे एकीकडे, मी दुसरीकडे. तिसऱ्यांदा थांबल्यावर डेक्लन अतिशय मृदू आवाजात (धंद्याचा आवाज) म्हणाला, "यू आर ग्रँड, उल्का. फक्त पुढच्या गावात आहेस."

रविवार, ७ सप्टेंबर

कारण सापडलं. मी कारखान्यात क्वालिटीत आहे, कारण सापडल्याशिवाय मला जेवण जात नाही.

साथ म्हणजे काय? गायक जागा घेतो, पेटीवाला ती ऐकतो आणि मागोमाग तीच जागा वाजवतो. अर्धी मात्रा मागे. गायकाच्या पुढे जाणं हा गुन्हा. बरोबर जाणं हा आगाऊपणा. अर्धी मात्रा मागे राहणं ही कला. ही कला मी पंचवीस वर्षं केली. आता नाचाचा ठेका वाजवायचा, तर माझी बोटं आधी दुसऱ्या कुणीतरी वाजवण्याची वाट बघतात.

हरीशला हे सांगितलं. तो म्हणाला, बसंतमुखारी सकाळचा राग आहे, संध्याकाळी सातला वाजवतातच कसा? आणि लग्नात वाजवणार म्हणजे तू बँडवाल्यांत जाणार का? मी म्हटलं, हो, वरातीच्या पुढे. त्यावर त्याने शाल काढून ठेवली.

त्याच्या डोक्यात सध्या एकच आहे. पंचवीस ऑक्टोबर, मराठी मंडळाची दिवाळी, ब्लँचर्डस्टाउन. अध्यक्ष रणजितने यंदा पहिल्यांदाच त्याला शेवटची चाळीस मिनिटं दिली आहेत. एरवी त्याला मुलांचा फॅन्सी ड्रेस आणि रांगोळीचं बक्षीस यांच्या मधे बसवतात. शेवटची चाळीस मिनिटं म्हणजे भैरवी त्याची. तो तीन आठवडे आरशासमोर नमस्कार करून बघतो आहे.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज मेव्हने कारण सांगितलं, की हा बँड एवढा घाम का गाळतो आहे. तेवीस नोव्हेंबरला डब्लिनच्या हॉटेलात सॉलच्या नातीचं, तालियाचं लग्न आहे. सॉल दोइना वाजवणार, ती संपली की लगेच फ्रायलेख सुरू, आणि नवरानवरीला खुर्च्यांसकट उचलून नाचवायचं. फ्रायलेखची सुरुवात अ‍ॅकॉर्डियनने करायची असते. एकटीने. त्या सुरुवातीवर बाकीचे येतात, पाहुणे उठतात, खुर्च्या वर जातात. ती चुकली, तर नवरी हवेत आणि ताल जमिनीवर.

"तोवर तुला सुरुवात जमली, तर ब्रीडची जागा तुझी," मेव्ह म्हणाली. "कायमची. नाही जमली, तर मी लाँगफर्डच्या कॉनरला विचारीन. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी म्हटलं, छे, वाईट कसलं.

घरी आले. फार वाईट वाटलं. एक गोष्ट कुठेतरी लिहिलेली असावी म्हणून इथे लिहिते: ती जागा मला हवी आहे. इतकी हवी आहे की लाज वाटते. पन्नाशीच्या बाईला प्रमोशन हवं असावं, गुडघे हवे असावेत. मला इस्त्रीचा बोर्ड हवा आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

मी आयुष्यात सुरुवात कशाकशाची केली, याचा विचार केला. कारखान्यातल्या मीटिंगमध्ये दुसऱ्यांदा बोलणारी मी. लग्न हरीशने ठरवलं. आयर्लंड हरीशने ठरवलं. मुलीचं नाव स्वरांगी, तेही त्यानेच. मी प्रत्येकाला सुंदर साथ केली.

बुधवार, १ ऑक्टोबर

स्वरांगीने (वय सोळा, मराठी सगळं कळतं, उत्तर इथल्या वेस्टमीथच्या इंग्रजीत) माझा सराव ऐकला आणि फोनवर मेट्रोनोम टाकून दिला. टिक टिक बरोबर वाजव, बस्स.

तासाभराने ती जिन्यावरून म्हणाली, "आई, यू आर फॉलोइंग द मेट्रोनोम."

खरंच होतं. मी मेट्रोनोमला साथ करत होते. अर्धी मात्रा मागून, अगदी भावपूर्ण.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

रणजितचा फोन. त्याला आमच्या बँडचं कळलं आहे. (मीच सांगितलं होतं. बोलण्याच्या ओघात. दोनदा.) दिवाळीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं वाजवाल का, स्थानिक लोकांबरोबर काहीतरी केल्यासारखं दिसतं, कौन्सिलच्या बाईही येणार आहेत. वेळ कुठली? तर हरीशच्या अगदी आधी. बाकी सगळं भरलं आहे.

दोन तुकडे वाजवायचे. मेव्ह म्हणाली, लोक तुझे, क्रम तू ठरव. मी नीट विचार करून ठरवला: आधी दोइना, मग फ्रायलेख. दोइनात माझी बाजू भक्कम आहे, सुरुवात चांगली होईल.

हरीशने जेवताना विचारलं, काय वाजवणार आहात? मी म्हटलं, एक संथ आणि एक जलद. स्वर कुठले, हे त्याने विचारलं नाही. मी डाळ वाढली.

रविवार, २६ ऑक्टोबर

काल काय झालं ते क्रमाने लिहिते, कारण आज सकाळपासून प्रत्येकजण ते वेगवेगळं सांगतो आहे.

आम्ही डेक्लनच्या गाडीतून गेलो, कारण ट्यूबा दुसऱ्या कशात मावत नाही. गाडी काळी, लांब, बाजूला सोनेरी अक्षरांत त्याच्या फर्मचं नाव. ती हॉलच्या दारात थांबली तेव्हा रांगोळी काढणाऱ्या दोघी उठून उभ्या राहिल्या आणि एका आजोबांनी टोपी काढली. सुरुवातच अशी.

आमची पाळी आली. हॉल गच्च. मी इस्त्रीच्या बोर्डाशी उभी, पैठणी नेसून. पुढच्या रांगेत कुजबुज झाली, पण पैठणी बघितल्यावर थांबली. विंगेत हरीश, मोतिया रंगाचा झब्बा, शाल, घसा सांभाळायला कोमट पाणी.

सॉलने सुरू केलं. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत उतरताना त्याने तो हुंदका काढला आणि गंधार कोमल झाला.

मी समोर बघत होते म्हणून मला दिसलं. चौथ्या रांगेतल्या एका काकूंनी पर्स खांद्याला लावली. त्यांच्या मिस्टरांनी खुर्चीमागचं जॅकेट घेतलं. मग हळूहळू पूर्ण रांग. कुणी बोललं नाही, कुणी घाई केली नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ती कार्यक्रम छान झाल्याची तृप्ती. मुलांच्या कोटाच्या चेनी वर जाऊ लागल्या. तिसऱ्या ओळीला मागे जेवणाची व्यवस्था बघणाऱ्या मुक्ताने मसालेभाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, आणि मग थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. भैरवी ऐकली की मराठी माणूस विचार करत नाही. त्याचे पाय आधी निघतात.

सॉल डोळे मिटून वाजवत होता. डोळे उघडले तेव्हा सगळे उभे. त्याला वाटलं, लोक भारावून उठले. तो दोनदा वाकला. रणजितने माईक घेऊन कौन्सिलच्या बाईंचे आणि ध्वनिव्यवस्थेचे आभार मानून टाकले. फ्रायलेख वाजलाच नाही. मला हायसं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

मग रणजितला आठवलं. तो विंगेकडे धावला. मीही गेले. हरीश म्हणाला, "भैरवीनंतर गात नाहीत, रणजित." बस्स, एवढंच. रणजित म्हणाला, अरे, ती थोडीच आपली भैरवी, ते आयरिश काहीतरी होतं. हरीश म्हणाला, "रांग बघ."

जेवणाची रांग बाहेर पार्किंगपर्यंत गेली होती. तिथे डेक्लन दुसऱ्यांदा मसालेभात घेताना लोकांना समजावत होता की गाडी रिकामीच आहे.

सोमवार, २७ ऑक्टोबर. बँक हॉलिडे

मी शांतपणे मुद्दे तपासले. एक, ती शुद्ध भैरवी नाही. दोन, क्रम मेव्हने माझ्यावर सोपवला होता, म्हणजे जबाबदारी तिचीही. तीन, लोक इतके भुकेले असतील, हे मला माहीत असण्याचं कारण नाही. माझ्यावर दोष येत नाही.

चहाच्या वेळी हरीशने विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "काय?"

तो उठून बशी धुवायला गेला. बशीत काही नव्हतं.

शनिवार, १ नोव्हेंबर

हरीश गात नाही. शाल कपाटात. घर इतकं शांत आहे की मेव्हची किटली आता गाण्यासारखी वाटते. मला सरावाला भरपूर वेळ आहे आणि मागे राहायला समोर कुणीही नाही. तरी सुरुवात उशिराच होते. रिकाम्या खोलीतसुद्धा मी कुणाला तरी आधी जाऊ देते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

घरच्या इस्त्रीच्या बोर्डाला कुणीतरी रबरी नळीचे वेढे दिले आहेत, त्यामुळे पेटी आता सरकत नाही. नळी हॉस्पिटलात शीर सापडायला दंडाला बांधतात तसली आहे. स्वरांगीचं काम असणार. पोरगी हुशार आहे. तिला थँक्यू म्हटलं तर म्हणाली, "फॉर व्हॉट?" विनयशीलही आहे.

हरीशने तेवीस तारखेची ऑन-कॉल बदलून घेतली, असं कॅलेंडरवर दिसलं. मला सांगितलं नाही. रणजितकडे बॅडमिंटनला जाणार असेल. जाऊ दे. डब्लिनला डेक्लनच्या गाडीत जागा आहे. आडवी, पण आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज तालमीला कॉनर येऊन बसला होता. 'सहज ऐकायला.' कॉनर लाँगफर्डला गार्डा आहे, म्हणजे पोलीस. सहा फूट, त्याच्या गुडघ्यावर अ‍ॅकॉर्डियन लहान मुलासारखा दिसतो. मेव्ह म्हणाली, एकदा वाजवून दाखव बरं. त्याने फ्रायलेखची सुरुवात केली. एकदम वेळेवर. त्याच्या वाजवण्यात हुंदका नाही, हसू नाही, पण वेळ पाळली जाते. कायद्याने.

मग मी. एक श्वास, दोन श्वास. सगळे माझ्याकडे बघतात आणि मी सगळ्यांकडे. शेवटी डेक्लनने दया येऊन ट्यूबा फुंकला आणि मी लगेच त्याच्यामागून निघाले, सुंदर.

मेव्ह दारापर्यंत आली. म्हणाली, पुढच्या गुरुवारी ठरवू. तिने ग्रँड म्हटलं नाही. तेव्हा मला प्रकरण किती वाईट आहे ते कळलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

कामावरून आले तर हॉलमध्ये चटई टाकलेली, पेटी काढलेली, आणि समोर हरीश मांडी घालून. शाल नाही. हॉस्पिटलातलाच शर्ट.

म्हणाला, "तू सुरू कर. मी मागून येतो."

मला वाटलं, टोमणा मारतोय. तीन आठवडे गप्प बसून एवढाच शोधला. मी पण बसले. तो तोंड मिटून, मी भात्यावर हात ठेवून. त्याने सुरू करायची मी वाट बघितली. तो करेना. चहा निवला. स्वरांगी डोकावून गेली, परत डोकावून गेली. हा माणूस आयुष्यात कधी इतका वेळ गप्प बसलेला नाही. पापणी लववत नाही, एक हुंकार नाही, बोट हलवत नाही. भूल द्यायच्या खुर्चीत बसल्यासारखा नुसता बघतो.

मग माझं डोकं सटकलं. म्हटलं, बैस तू तुझा मान घेऊन. आणि हाणली फ्रायलेखची सुरुवात.

वेळेवर आली.

हरीश मागून आला. अगदी भयंकर. शब्द नाहीत म्हणून तननन करत, नाचाच्या चालीला नाट्यसंगीताच्या ताना लावत. मी त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवून पुढे गेले. पाच वेळा केलं. पाचही वेळा मी आधी.

तो उठताना म्हणाला, "चिडलीस की बरी वाजवतेस."

याला कौतुक म्हणतात की काय, मला माहीत नाही. शोध मात्र लागला: मला रागाच्या भरात सुरुवात जमते. तेवीस तारखेला कुणावर चिडायचं, ते ठरवून ठेवायला हवं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

कॉनरवर चिडून वाजवलं. त्याने बिचाऱ्याने काही केलं नव्हतं, येताना सगळ्यांना बिस्किटं आणली होती. जमलं. मेव्ह म्हणाली, रविवारी तूच. पण कॉनरला पाहुणा म्हणून बोलावलं आहे आणि अ‍ॅकॉर्डियन त्याच्या गाडीत असेल. 'इन्शुरन्स,' म्हणाली.

रविवार, २३ नोव्हेंबर, डब्लिन. हॉटेलच्या लॉबीत लिहिते आहे

सकाळी डेक्लनच्या गाडीची वाट बघत पायरीवर उभी होते, तर हरीश आमची गाडी काढून आला. डिकीत घरचा बोर्ड, पेटी मागच्या सीटवर, तिला सीटबेल्ट. बॅडमिंटनचं काय, विचारलं. म्हणाला, कसलं बॅडमिंटन.

हॉल चकचकीत. नाचाची जमीन इतकी गुळगुळीत की आता बोर्डाचे पायच सरकू लागले. नळी वर बांधलेली, पायांना काय उपयोग. मेव्हने वेटरला काहीतरी आणायला पिटाळलं, तो गेला तो गेलाच. तेवढ्यात सॉल उभा राहिला, दिवे मंद झाले. मग हरीश आला, बोर्डाच्या मागे गुडघ्यावर बसला आणि बोर्डाचे दोन्ही पाय हातांनी धरले. सुटातला कन्सल्टंट डॉक्टर, अडीचशे लोकांसमोर. मी म्हटलं, उठ, बरं दिसत नाही. तो म्हणाला, सूर धर.

सॉलने दोइना सुरू केली. तालिया समोर खुर्चीवर, तिचा नवरा शेजारच्या. चार-चार तरणे दोघांभोवती तयार.

सॉलने असं वाजवलं की काय लिहू. तालमीत कधी असं वाजवलं नव्हतं. मी मागोमाग. तो श्वास घ्यायचा, मी सूर धरायची. शेवटच्या ओळीशी आला आणि संपवेना. परत वर गेला. परत खाली आला, तोच हुंदका, आणि संपवेना. त्याचे डोळे नातीवर होते. हा सूर संपला की ती जायची होती, आणि तो सूर सोडत नव्हता. तोंडाने वाजवत होता, गालावरून पाणी चाललेलं. तिकडे उत्साही मंडळींनी खुर्ची आधीच उचलली होती. तालिया हवेत, चौघांचे दंड थरथरत होते, त्यातला एक लालबुंद. मेव्ह माझ्याकडे बघत होती. मागच्या टेबलावर कॉनर अर्धा उठला होता.

साथीदाराने अशा वेळी काय करायचं, ते मला उत्तम ठाऊक आहे. थांबायचं. गाणारा संपवेल तेव्हा संपेल. त्याच्या पुढे जायचं नाही, विशेषतः तो रडत असताना. मी उद्या सकाळपर्यंत थांबू शकले असते.

कुणावर चिडायचं ते मला आठवेना. राग आलाच नाही. मी म्हाताऱ्याच्या सुरावरच पेटी आदळली.

क्षणभर दोन्ही चाललं, त्याचा हुंदका आणि माझा नाच. मग सॉलने दचकून माझ्याकडे बघितलं, मोठ्याने हसला, आणि क्लॅरिनेट वर करून उडीच मारली त्या चालीत. मेव्ह आली. लोक उठले. खुर्च्या वर गेल्या, आणखी वर गेल्या, नवऱ्याचा एक बूट पडला. डेक्लनचा ट्यूबा सगळ्यांत शेवटी आला. अर्धी मात्रा मागे. मी त्याच्यासाठी थांबले नाही.

संपल्यावर मेव्ह रुमालाने फिडल पुसत म्हणाली, गुरुवारी सात वाजता, आणि उशीर करू नका. हे ती डेक्लनला म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ब्रीडला मी कळवते." कॉनर तेव्हा नवरीच्या मावशीबरोबर नाचत होता.

सॉल आला. मी म्हटलं, सॉरी, तुमचं तोडलं. तो म्हणाला, "मला स्वतःला जमलं नसतं." एवढं बोलून तो नातीकडे गेला.

आत्ता हरीश पँटच्या गुडघ्यावरचा जमिनीच्या मेणाचा डाग पाण्याने चोळत समोर बसला आहे. मघाशी हिऱ्यांच्या कुड्या घातलेल्या एक आजी त्याच्यापाशी थांबल्या. तुम्हीही बँडमध्ये का? काय वाजवता?

"मी हिच्या साथीला असतो," हरीश म्हणाला.

जरा मोठ्यानेच म्हणाला, सगळी लॉबी वळली. साथीदाराने आवाज खाली ठेवायचा असतो, हे त्याला हळूहळू शिकवावं लागेल.